मेस्त्रींच्या पावलांची कमान

महायुद्धाच्या चौथ्या वर्षी साताऱ्याच्या लष्करभरतीत आमच्या मेस्त्रींना दुसऱ्यांदा नापास केलं. कारण पहिल्या वेळचंच होतं: सपाट पाय. ओलं पाऊल फरशीवर ठेवलं की त्यांचा अख्खा तळवा उमटे. मधली कमान नव्हतीच.

इस्लामपूरच्या शाळेत मी मास्तर होतो. शाळेच्या दगडी कमानी मेस्त्रींनी बांधलेल्या. कमानीखालचा लाकडी साचा काढताना ते गड्यांना लांब पाठवत आणि स्वतः खाली उभे राहत. मी एकदा हटकलं. म्हणाले, "मीच न्हाई उभा ऱ्हायलो तर तुमची पोरं कुनाच्या भरवशावर आत जानार, गुरुजी?"

फौजेची त्यांना हौस नव्हती. धाकटा भाऊ सदा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता आणि आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. "पलटनीत गेलो तर हुडकून काढीन," एवढंच ते म्हणत.

पहिल्यांदा परत पाठवल्यावर त्यांनी गवंड्याचा उपाय केला. बाभळीचे दोन गोलसर साचे तासून तळव्यांखाली बांधले आणि चाळीस दिवस तसेच कामावर गेले. "चुना आवळंस्तवर आधार ठेवायचा. मग साचा काढला तरी कमान हालत न्हाई." पायांना फोड आले. बायको म्हणाली, "आवं, पाय हायत का देवळाचा दरवाजा?" साचे सुटले नाहीत.

दुसऱ्या तपासणीला मी सोबत होतो. फरशीवर पुन्हा अख्खं पाऊल उमटलं. डॉक्टरांनी तळव्यांवरचे घट्टे पाहून विचारलं, तेव्हा मेस्त्रींनी सगळं सांगितलं. रांगेतला एकजण ओरडला, "चुना कुठल्या भट्टीचा, मेस्त्री?" डॉक्टर हसले नाहीत. कागदावर पायाची हाडं काढून म्हणाले, "ही कमानच आहे. पण हाडांची. बाहेरून बांधता येत नाही."

मेस्त्रींनी चित्र निरखलं. "ह्यात समदी कमान धरून ठेवनारा कळीचा दगड कंचा?"

डॉक्टरांनी एका हाडावर पेन्सिल टेकवली.

"बराबर हाय," मेस्त्री म्हणाले. मग त्यांनी सदाचं नाव आणि पलटण सांगितली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांचं पत्र आलं. सदा पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. घरी कळवू नका, असं त्यानंच सांगितलं होतं.

त्याला आणायला मेस्त्रींबरोबर मीही गेलो. परतताना गावाबाहेरच्या ओढ्याला मांडीइतकं पाणी होतं. गाडीचे बैल पाण्यात शिरेनात.

"बस पाठीवर," मेस्त्री म्हणाले.

"दादा, तुला झेपायचं न्हाई."

"गप रं."

मेस्त्रींनी वहाणा काढून माझ्या हातात दिल्या, सदाला पाठुंगळी घेतलं आणि पलीकडच्या काठावर उतरवलं. काठच्या खडकावर त्यांची ओली पावलं अख्खी उमटली होती.