गुलाबीच राहिलेली पट्टी

अकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत साठच्या दशकात रोज सकाळी स्टोव्ह दोनदा पेटायचा. एकदा चहासाठी, एकदा बाबांच्या लघवीसाठी. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर साखर भरपूर. आई नव्हती, म्हणून इन्शुलीनही मीच टोचायचे. मी कन्याशाळेत शिवण शिकवायचे. सुईशी माझं वैर नव्हतं, त्या वासाशी होतं.

म्हणून अमरावतीच्या आतेभावानं त्याच्या औषधाच्या दुकानातून पट्ट्यांची शिशी आणली तेव्हा मला हायसं वाटलं. कागदाची पट्टी लघवीत बुडवायची; साखर असली तर तिचं गुलाबी टोक जांभळं होतं. "मुदत सरली हाये," तो हळूच म्हणाला. "पण कागदच तो. कागदाले काय होते?" मलाही पटलं. बाबा रेल्वेत पार्सलबाबू होते, लेबल वाचल्याशिवाय काडेपेटीही उघडत नसत. ते कटकट करतील म्हणून मी शिशीवरची तारीख नखानं खरवडून टाकली. मग शिशी इन्शुलीनशेजारी माठाखालच्या ओल्या वाळूत खोचली. उन्हाळ्यात औषध टिकवायची आमची तीच रीत होती.

पहिल्या दिवशी टोक गुलाबी राहिलं. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या दिवशीही. लघवी साफ राहिली तर डोस थोडा थोडा उतरवा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी उतरवत गेले. "माह्या पोरीच्या हाताले गुण हाये," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांना सारखी तहान लागायची, पण मे महिन्यात अकोल्यात तहान कुणाला लागत नाही?

मुंग्या त्याच सुमाराला आल्या. मोरीच्या भोकाशी आधी दहावीस, मग काळी रेघच. बाबा मोरीतून बाहेर आले की रेघ जाड व्हायची. गुळाच्या डब्याला मात्र एक मुंगी नव्हती. शेजारच्या चाची पाणी मागायला आल्या आणि तिथेच थबकल्या. "पोरी, ह्या काहून येऊन राहिल्या? बाबाले दाखव डाक्टरले."

मी पट्टी त्यांच्या नाकासमोर नाचवली. मॅट्रिक झालेली मी, मुंग्यांचं ऐकणार होते होय! डीडीटीची पावडर आणून मोरीत ओतली. मुंग्या संपल्या. दुसऱ्या दिवशी नव्या मुंग्या बाबांच्या वाळत घातलेल्या धोतरावर चढत होत्या. मी धोतर झटकलं. पण त्या दिवसापासून मला भरदिवसा मोरीत जायची भीती वाटू लागली.

मग एका दुपारी घरात पिकल्या केळ्यांचा वास सुटला. केळी आणलीच नव्हती. मी फडताळ पाहिलं, टोपल्या पाहिल्या, आणि शेवटी बाबांच्या खाटेपाशी येऊन थांबले. ते खोल, भराभर श्वास घेत होते आणि वास त्यांच्या तोंडातून येत होता. हाका मारल्या तेव्हा डोळे अर्धे उघडले, पण त्यांत ओळख नव्हती.

आणि मी काय केलं? उन्हासाठी आणलेली ग्लुकोजची पूड पेल्यात कालवली, चांगली चार चमचे, आणि पट्टी बुडवली. टोक गुलाबी. दुसरी बुडवली, तीही गुलाबी. माझ्याच हातानं कालवलेली साखर त्या पेल्यात नाही, असं ती शिशी मला सांगत होती. मी किंचाळले. टांगा चाचींनीच आणला.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओलसर पट्ट्या चिमटीत धरून पाहिल्या. "ह्या कधीच्याच मेल्या आहेत," ते म्हणाले. "तोंडाला येणारा तो केळ्यांचा वास साखर बेसुमार वाढल्याचाच."

बाबा वाचले. घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावला, शिशी मागून घेतली आणि उजेडात फिरवून फिरवून वाचली.

"तारीखच नाई टाकली बदमाशायनं," ते म्हणाले. "मंग कोणाले समजन? माय, तू काहून रडून राहिली? तुही काय चूक?"

मला सांगता आलं नाही. त्यानंतर ते सात वर्षं जगले, तेव्हाही नाही. मी उठून मोरी घासायला गेले. पावडर धुऊन गेली होती आणि भिंतीच्या फटीतून मुंग्या पुन्हा निघाल्या होत्या. त्या माझ्या पावलावर चढल्या. मी पाय हलवला नाही.