नऊ नंबरच्या खाटेवरची नोंद

बारकी आणि मी एका खोलीत राहतो. मी साहित्यात पदवी घेतली, ती नर्सिंग शिकते आहे. दूरच्या डोंगरातल्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. घरची भाषा वेगळी, म्हणून बोलणं मोजकं.

तिच्या नर्सिंग कॉलेजात सरावाच्या खोलीत एक रबरी पुतळा आहे. मुली त्याला आजोबा म्हणतात. बावीस मुली, एक आजोबा. मनगट धरायचं, घड्याळाकडे बघायचं. रबराला नाडी कुठली? शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, "बहात्तर लिहा आणि पुढे सरका." वर्षभर सगळ्यांनी बहात्तर लिहिलं.

वॉर्डातल्या पहिल्या सकाळी बारकीने नऊ नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं मनगट धरलं. मिनिटभर थांबली. बोटांना काहीच लागलं नाही. तिने बहात्तर लिहिलं आणि दहा नंबरकडे वळली.

थोड्या वेळाने त्यांची मुलगी चहा घेऊन आली. "बाबा, उठता ना?"

बाबा गेले होते. नेमके कधी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

"डोंगरातनं उचलून आणायचं आणि हातात पेशंट द्यायचे!" वॉर्डच्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या. चौकशी लागली. हिचं नाव कमी होणार, असं जो तो सांगू लागला.

चौकशीच्या आदल्या दुपारी मॅडम आमच्या खोलीवर आल्या. "घाबरले होते म्हण, बाळा. मोजलंच नाही म्हण. पुढचं मी सांभाळते."

बारकीने त्यांना पाणी दिलं. हो म्हणाली नाही.

चौकशीत ती म्हणाली, "मी मोजलं. नाडी नव्हती. नाडी लागली नाही की आम्ही बहात्तर लिहितो. बाकीच्यांच्या वह्या बघा."

वह्या आणल्या. एकवीस वह्या, एकच आकडा.

नाव राहिलं. सगळ्या वर्गाला वॉर्ड बंद झाला. आता तीन महिने एकमेकींची मनगटं धरून पहिल्यापासून शिकायचं. बारकीपुढे मात्र कुणी हात करत नाही. "नको गं बाई, तुझा हात लागला की माणूस जातं," एक जण हसत म्हणाली.

म्हणून ती माझा हात मागते. भर दुपारी, मी वाचत असताना. तिची बोटं गार असतात. मिनिट होतं. दोन होतात.

"लागली ना?" मी विचारते.

"बोलू नकोस." तिचे डोळे मिटलेले. "त्यांचीही असेल. अगदी बारीक. मी अजून थोडं थांबायला हवं होतं."

मी पुस्तक बाजूला ठेवते. हात तिच्याकडेच राहू देते.