खांबाआड

एल आल्तो शहराच्या बाजारात युलालिया गोठवून वाळवलेले काळे बटाटे विकते. पोलेरा म्हणजे घेरदार घागरा, पाठीवर दोन वेण्या, डोक्यावर गोल टोपी. तिच्या आईचाही हाच वेश होता.

तिची मुलगी योबाना पहिलीत असताना शाळेच्या फाटकात दोन पोरी तिला म्हणाल्या, "तुझी आई पोलेरावाली, गावंढळ." त्या दिवशी योबाना जेवली नाही. तेव्हापासून युलालियाने शाळेत पाऊल टाकलं नाही. पालकसभेला, बक्षीस समारंभाला धाकटी बहीण देल्फिना जायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, फ्रॉक घालायची. लेकीने विचारलं की युलालिया म्हणायची, "मला नाही आवडत असलं काही."

एक दिवस मात्र तिने मनात राखून ठेवला होता. पदवी मिळते त्या दिवशी मुलीच्या बोटात अंगठी घालायला एक मानकरीण लागते. ती आपण व्हायचं. जांभळा पोलेरा शिवून पेटीत तयार होता.

समारंभाला आठवडा असताना योबाना दुकानावर आली.

"आई, अंगठी मावशी घालेल. तिला सांगून आले."

युलालिया बटाटे निवडत राहिली. "बरं केलंस."

"वाईट नाही ना वाटलं? तुला आवडत नाही, म्हणून..."

"मला कशाला वाईट वाटतंय? माझ्या हाताला बटाट्याचा वास. अंगठीला लागायचा."

"काहीतरीच तुझं. पण येशील ना?"

"बघू."

शेजारची कांदेवाली म्हणाली, "पोरगी वकील झाली, तरी हिचं आपलं बघूच."

"तू तुझे कांदे बघ," युलालिया म्हणाली.

समारंभाच्या दिवशी युलालिया गेली. जांभळा पोलेरा नेसून, मुठीत रंगीत कागदाचे कपटे घेऊन. नव्या वकिलाच्या डोक्यावर ते उधळायचे असतात. सभागृहात ती मागे, खांबाजवळ उभी राहिली आणि तिला दिसलं, पुढच्या रांगेत चार-पाच बायका पोलेरा नेसून, टोप्या घालून ऐसपैस बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून कोणी हसत नव्हतं. तिने सगळीकडे नजर फिरवली. कोणीच हसत नव्हतं.

देल्फिनाने अंगठी घातली. फोटोवाला म्हणाला, "आई, जरा जवळ या."

"मी मावशी," देल्फिना म्हणाली. "आई तिकडे मागे आहे."

योबानाने टाचा उंचावून पाहिलं. "आई, ये ना."

सगळ्या माना मागे वळल्या आणि युलालियाचे पाय आपसूक खांबाआड गेले. सतरा वर्षांत दुसरं काही ते शिकलेच नव्हते.

थोडा वेळ योबाना वाट बघत राहिली. मग तिचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, समजूतदार. "राहू द्या. तिला नाही आवडत असलं काही. तुम्ही काढा."

खांबाआड युलालियाने मूठ उघडली. घामाने कपट्यांचा रंग सुटून तळव्याला लागला होता. तिने हात पोलेराच्या आतल्या बाजूला पुसला, वरून दिसू नये असा.