वाचा बसवणारा इंग्रजी शब्द

बायांनो, आज सकाळी नात इंग्रजी घोकत होती. म्हणाली, "आजी, फ्लॅबरगास्ट करणं म्हणजे एखाद्याला इतकं चकित करणं की त्याची वाचाच बसते."

मी म्हटलं, "एवढा लांब शब्द? तो म्हणेस्तोवर वाचा परत येईल की गं!" हसली. हे टाइपही तीच करतेय, मला अक्षर येत न्हाई.

मग कासारवाडीचं आमचं शेत आठवलं. पन्नास सालानंतर कारखान्यासाठी मोजणी आली. उभ्या ज्वारीत खुंट्या ठोकून साहेबानं विचारलं, "काही हरकत?" माझ्या बापाची वाचाच बसली. साहेबानं लिहिलं, 'हरकत नाही', आणि खाली बापाचा अंगठा घेतला.

शिकलेल्यांनो, सांगा, वाचा बसलेल्याची हरकत कुठल्या भाषेत लिहितात?