सिविल लाइंस लाल झाली तेव्हा

पडद्यावर सिविल लाइंस लालभडक दिसली आणि साहेबांच्या हातातला समोसा हातातच राहिला.

"मैडम, ये क्या है? हमारे यहाँ बच्चे मर रहे हैं?"

मी आरोग्य खात्याच्या ऑफिसात नकाशे करते. म्हणजे नोंदींतले पत्ते घेऊन शहराच्या नकाशावर ठिपके लावते. ठिपके जिथे दाट, तिथे रंग गडद. हा नकाशा झाशीत तान्ही मुलं कुठे दगावतात त्याचा होता. नवजात बाळांना तपासणारी एकच गाडी मिळणार होती; ती कुठे उभी करायची ते यावरून ठरणार होतं.

"सर, ये ड्राफ्ट है. अभी हर बच्चा वहाँ दिख रहा है, जहाँ मौत हुई. बड़ा अस्पताल सिविल लाइंस में है ना. घर के पते से दोबारा बनाना पड़ेगा."

ऐकतंय कोण! साहेबांच्या सुनेला सातवा महिना लागलेला आणि बंगला नेमका त्या लाल डागात. इतके दिवस धूळ खात पडलेली गाडीची फाइल चहा निवायच्या आत टेबलावर आली. आमचे कारकून बाबूजी, त्यांनी ऑर्डर टाइप केली. तीत 'सिविल लाइंस' वाचून साहेब दचकले.

"नाम मत लिखिए, बदनामी होगी! लिखिए, नक़्शे में जो इलाक़ा सबसे लाल हो, गाड़ी वहीं खड़ी होगी."

सही झाली. एवढी चपळाई या ऑफिसात मी फक्त दिवाळीची मिठाई वाटताना पाहिली होती.

मग मी आयांच्या घरच्या पत्त्यांवरून नकाशा नव्याने केला. सिविल लाइंस पांढरीफटक पडली. लाल रंग सगळा नाल्यापलीकडच्या बस्तीत गेला. तिथे दवाखाना नाही. बाळ निळं पडलं की आई त्याला छातीशी धरून ई-रिक्शाने निघते, आणि ते मरतं साहेबांच्या शेजारी. नकाशा बघून मला रडू नाही आलं, संताप आला.

साहेबांचा चेहरा मात्र फुलला.

"देखा, मैं तो कह ही रहा था! तो अब गाड़ी की क्या जल्दी है? पहले स्टडी करा लेते हैं."

"सर, ऑर्डर निकल चुका है. जो सबसे लाल हो, गाड़ी वहीं."

"ऐसा किसने लिखवाया?"

बाबूजी चष्मा पुसू लागले. शेवटी मीच म्हटलं, "आपने, सर."

गाडी आता नाल्यापलीकडे उभी असते. उद्घाटनाला साहेबांनी फीत कापली आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर भाषणही ठोकलं. मी टाळ्या वाजवल्या.

या नोकरीत एवढंच शिकले: गरिबांच्या पोरांसाठी काही मंजूर करून घ्यायचं असेल, तर आधी साहेबांच्या बंगल्याला थोडा लाल रंग लागू द्यावा.