जरा बाळाकडे बघा

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे ‘चाळणी’ म्हणत, तेही त्यांच्या तोंडावर. सव्वीस वर्षांत एक चुकीचा फॉर्म त्यांच्या हातून पुढे सरकला असेल तर शपथ! बाहेर गर्दी, लेकरू रडतंय, वय विचारलं की आई म्हणणार, “सात.” दुसरा कारकून सात वर्षं लिहून मोकळा. औषध मात्र वय बघून मिळतं. सात महिन्यांच्या जिवाला सात वर्षांच्या मुलाचा डोस गेला तर? बाई वयाशेजारी वजन बघत आणि ओरडत, “सात वर्षांचं मूल आठ किलोचं कसं? जरा बाळाकडे बघा!”

महिनाभरात त्या निवृत्त होणार होत्या. सत्काराचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. आपल्यामागे ही नजर कोण ठेवणार, या एकाच विचाराने त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

फॉर्म संगणकावर आणायला आलेली प्रोग्रामर मुलगी अबोल होती, पण कामाला वाघ. तिने बाईंची ही तपासणी नोंदणीच्या फॉर्ममध्ये घातली. वय-वजन जुळेना, की फॉर्म जागचा हलेना. बाई हरखल्या. पण हाडाच्या चाळणीच त्या! लगेच औषधांचा फॉर्म उघडून तीच चूक मुद्दाम भरली. फॉर्म मुकाट पुढे गेला.

“अगं, इथे कुणीच नाही का बघायला?”

मुलीचा चेहरा पडला. “काकू, एकोणीस फॉर्म आहेत. प्रत्येकात नियम परत लिहावा लागतो. इथे राहूनच गेला.”

“मी काय एकोणीस खिडक्यांवर बसते? मी बसते एका जागी. ज्याला शंका येते, तो येतो माझ्याकडे विचारायला.”

मुलीने आधीचं सगळं खोडलं, नियम एकाच जागी लिहिला आणि प्रत्येक फॉर्म, उद्या नवा आला तरी, तिथे विचारूनच पुढे जाईल असं केलं.

“चूक झाली तर काय दाखवू, काकू?”

“मी ओरडते तेच. आकडे तेवढे ज्याचे त्याचे.”

दोन वर्षांनी बाई लेकीबरोबर नातीला लस द्यायला आल्या. लसीकरणाची ही इमारत त्यांच्या वेळी नव्हतीच, आणि हा फॉर्मही नवा. वजन झालं, कारकुनाने वय विचारलं. “सात,” लेक म्हणाली. बाई नातीशी खेळण्यात इतक्या दंग, की त्यांच्या कानावर ते आलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा चाळणीतून खडा निसटला होता.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. कारकून वाचू लागला, “सात वर्षांचं मूल आठ किलोचं कसं? जरा बाळाकडे बघा!” आणि त्याने खरंच खिडकीतून मान काढून बाळाकडे बघितलं.

“महिने होय!” तो ओशाळून म्हणाला. “कुठलाही फॉर्म उघडा, ही बाई आहेच दटावायला. कुणा जुन्या बाईंचं बोलणं आहे म्हणे, कोण जाणे.”

ज्या खुर्चीत बाई कधी बसल्या नव्हत्या, तिथून त्यांनीच आपल्या नातीला सांभाळलं होतं.

“आई, सांग ना त्यांना,” लेक म्हणाली.

बाईंनी नातीला घट्ट धरलं आणि कारकुनाला एवढंच म्हणाल्या, “तिचं ऐकत जा.”