फायनल आणि आमच्या किनाऱ्याचा नियम

माझ्या लेकीच्या कॉलेजनं विद्यापीठाच्या महिला कबड्डीची फायनल गाठली आणि धास्ती मी घेतली. पालघरच्या त्या कॉलेजात मुलींचा संघ इथवर कधी पोचलाच नव्हता. त्यातून सामना बोईसरच्या हॉलमध्ये, म्हणजे आपल्याच माणसांसमोर. हरलो तर तोंड लपवायला जागा नाही.

माकुणसारहून आम्ही टेम्पो भरून निघालो. कबड्डीतलं मला सगळं कळतं असं मी सांगतो, कारण दुसरं कुणी ते सांगत नाही. पण लेकीला किनाऱ्यावर खेळायला शिकवलं ते मीच. वाळूत टाचेनं ओढलेली मधली रेषा दोन चढायांत पुसली जाते, मग हात लागला की नाही यावरून भांडणं. म्हणून आमच्याकडचा नियम असा, की पकडलेल्याचं अख्खं अंग आपल्या बाजूला आलं तरच सुटका.

समोरचा संघ मुंबईचा, तगडा. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागे आणि शेवटची चढाई लेकीची! पाळी संपवून थेट आलेले कारखान्यातले कामगार ओरडत होते, "जा बेटी, जा!" मी उभाच राहिलो. बायकोनं शर्ट ओढला. "बसा हो, मागच्यांना दिसत नाय."

लेकीनं कोपऱ्यातल्या मुलीला टिपलं आणि वळली, तोच त्या मुलीनं तिचा घोटा धरला. आणखी दोघी कमरेवर पडल्या. लेक आडवी झाली, तिनं हात पुढे फेकला आणि पंजा मधल्या रेषेपलीकडे पडला. शिट्टी! हॉल उसळला. संघातल्या मासवणच्या मुली नाचायला लागल्या.

लेक मात्र अजून झगडतेच आहे! पकडणाऱ्या तिघी हात सोडून बसल्या, तरी ही कोपरांवर सरपटतेय, तोंडानं कबड्डी-कबड्डी चालूच. आणि वर मी, "अख्खी ये गो! पाय राहिला, पाय!"

"अवो, जिंकली ती!" बायको म्हणाली.

"पाय तिकडंच हाय अजून!"

पंच वाकून म्हणाले, "उठ बाळा, झालं. रेषेपार हात टेकला की पुरे." तिनं आधी पाय आत ओढून घेतला, मग विचारलं, "सर, गुण दिला ना?"

"तीन दिले."

तेव्हा कुठे ती किंचाळली. मीही. माझा आवाज तिच्यापेक्षा बारीक निघाला, असं घरचे म्हणतात.

मुलींनी जिंकलेला कॉलेजचा पहिला विद्यापीठ चषक घेऊन ती घामेजलेली धावत आली आणि म्हणाली, "बाबा, तिकडे वाळूत मी इतकी वर्षं बाद व्हायची, त्यात किती वेळा खरं म्हणजे सुटले होते?"

"आधी कप दे इकडं," मी म्हटलं.

दिला तिनं. पण तो नीट छातीशी धरेपर्यंत मासवणच्या पोरींनी काढूनसुद्धा घेतला. बाहेर ढोल लागला होता आणि त्यांना माझ्यासाठी थांबायला वेळ नव्हता.